मल्टीबीमच्या कडा परत परत वाकतात? पॅच टेस्टआधी बादलीभर पाणी काढून बघा

मल्टीबीम म्हणजे बोटीखाली पंख्यासारखे आवाजाचे अनेक झोत (बीम) सोडून तळाची खोली मोजणारं यंत्र. चार दिवस त्याचा डेटा सुतासारखा सरळ येतो आणि पाचव्या दिवशी दुपारी तळ अचानक हसायला लागतो. आडवा छेद बघावा तर मधला भाग जागेवर, पण एका फेरीत मोजलेल्या पट्ट्याच्या दोन्ही कडा वर उचललेल्या. दोन-तीन तासांनी बघावं तर त्याच कडा खाली लोंबतायत, म्हणजे मघाशी हसत होता तो आता तोंड पाडून बसलाय. संध्याकाळी सगळं आपोआप बरं होतं. रात्री प्रोसेसिंगवाल्याचा फोन येतो: "दुपारी बोटीवर काय चाललं होतं रे?"

कोकणातल्या खाड्यांच्या तोंडाशी मी हा त्रास इतक्यांदा काढलाय की आता कडा वाकताना दिसल्या की स्पॅनर शोधत नाही, आधी भरतीचं कोष्टक काढतो. दहातल्या आठ वेळा यंत्र धडधाकट असतं. बदललेलं असतं ते पाणी. आणि आपण सकाळी मोजलेलं पाणी दुपारच्या डेटाला लावत बसलेलो असतो.

खालचं सगळं छोट्या बोटीवर, बाजूला पोल लावून, त्याच्या टोकाच्या २०० ते ४०० किलोहर्ट्झच्या हेडने (आवाज सोडणारा आणि ऐकणारा भाग), २०-२५ मीटरच्या आत काम करणाऱ्यांसाठी आहे. खोल समुद्रात १२ किलोहर्ट्झवाल्या जहाजांवर नियम तेच, पण तिथलं पाणी इतक्या झटपट रंग बदलत नाही.

आधी वाकडेपणा कोणता ते बघा

सपाट गाळाचा तुकडा निवडा आणि तीच लाइन (बोटीची सरळ फेरी) एकदा जाताना, एकदा येताना मारा. दोन्ही लाइनींचे छेद एकावर एक ठेवा.

छेदात फुली दिसली, म्हणजे एका लाइनीत डावी बाजू वर आणि उलट लाइनीत उजवी, तर तो रोलचा ऑफसेट, म्हणजे हेडच्या आडव्या कलाची चूक. पोल हललाय किंवा पॅच टेस्टचा (हेड बोटीवर किती वाकडं बसलंय ते शोधायची चाचणी) आकडा चुकलाय. हा वाकडेपणा नेहमी सरळ रेषेत तिरका असतो, वळणदार नसतो. अर्ध्या अंशाच्या चुकीने १२ मीटर पाण्यात ६० अंशाच्या बीमला (सरळ खालच्या रेषेपासून ६० अंश कललेल्या झोताला) साधारण १८ सेंटीमीटर फरक पडतो, तोही एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली.

दोन्ही दिशांना दोन्ही कडा सारख्याच वर किंवा सारख्याच खाली असतील, आणि वाकणं मध्यापासून कडेकडे हळूहळू वाढत असेल, तर तुम्ही योग्य पोस्टवर आला आहात. हे ध्वनिवेगाचं प्रकरण आहे.

कडा बोटीच्या डुलण्याबरोबर पंखासारख्या फडफडत असतील तर मोशन सेन्सरची वेळ किंवा त्याची मापं तपासा. सगळा पट्टाच्या पट्टा वर-खाली होऊन तळावर कपडे धुण्याच्या घासणीसारख्या आडव्या वळ्या दिसत असतील तर हीव्ह, म्हणजे बोटीचं वर-खाली होणं. लाइन आतून सरळ पण शेजारच्या लाइनीशी पायरी पडत असेल तर भरतीची दुरुस्ती. या तिघांवर इथे लिहीत नाही.

एक फसगत मात्र सांगायलाच हवी. गाळ उपसलेल्या चॅनेलच्या बरोबर मधून लाइन मारली तर तळ खरोखरच हसरा दिसतो, कारण चॅनेलच्या दोन्ही बाजू खऱ्याच वर चढलेल्या असतात. एकदा एका नव्या मुलाने असं खरं चॅनेल प्रामाणिकपणे 'दुरुस्त' करून सपाट केलं होतं. शंका आली तर पुढची लाइन चॅनेलच्या कडेने मारा. हसू बोटीबरोबर सरकलं तर ते खोटं, जमिनीवर जागच्या जागी राहिलं तर खरं.

कडा का वाकतात, एका हिशेबात

आकडा मांडल्याशिवाय या गोष्टीचं गांभीर्य पटत नाही. मला तरी पटलं नव्हतं.

२८ अंश तापमानाच्या आणि ३५ क्षारतेच्या (किलोमागे ३५ ग्रॅम मीठ) पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५४१ मीटर जातो. तापमान तेच ठेवून क्षारता १० वर आणली तर वेग १५१५ होतो. २६ मीटरचा फरक. आपल्याकडच्या कोमट पाण्यात तापमान एक अंश बदललं तर वेग सव्वादोन मीटरसुद्धा बदलत नाही, म्हणजे एवढाच फरक नुसत्या तापमानाने पडायचा तर पाणी दहा-बारा अंशांनी थंड व्हावं लागेल. म्हणून खाडीत थर्मामीटर घेऊन बसण्यात अर्थ नाही. इथे मीठ राज्य करतं.

आता समजा, ओहोटीला नदीचं गोडं पाणी वर पसरलंय. हेडच्या खाली २ मीटर हा १५१५ चा थर, त्याखाली १० मीटर स्वच्छ खारं पाणी १५४१ चं. तळ हेडपासून बरोबर १२ मीटर. आणि आपण वापरतोय सकाळच्या भरतीचा प्रोफाइल (कुठल्या खोलीला ध्वनिवेग किती याची नोंद), ज्यात वरपासून खालपर्यंत १५४१ आहे.

६० अंशांवर निघालेला बीम थर ओलांडताना वळतो आणि पुढे पावणेबासष्ट अंशांवर जातो. सॉफ्टवेअरला थराचा पत्ता नाही. ते तोच बीम ६० अंशांवर सरळ गेला असं धरतं. जाण्यायेण्याच्या वेळेवरून हिशेब केला की कडेला खोली येते १२.६० मीटर. खरी १२. बरोबर बोटीखाली मात्र १२.०३.

मध्ये ३ सेंटीमीटर, कडेला ६०. म्हणूनच ही चूक इतके दिवस लपून राहते. बार चेक घेतला, पट्टी दोरीने खाली सोडली, आकडा जुळला, सगळे खूश. पट्टी तर हेडच्या खालीच लटकत असते. सिंगल बीमच्या, म्हणजे खाली एकच झोत सोडायच्या, काळातली ही सवय मल्टीबीमच्या कडांबद्दल काहीच सांगत नाही.

उलटं झालं, म्हणजे ओहोटीला घेतलेला थरवाला प्रोफाइल भरतीच्या सरळ पाण्याला लावला, तर त्याच जागी कडा सुमारे ५७ सेंटीमीटर उथळ येतात. हा हसरा तळ. थोडक्यात, प्रोफाइलमध्ये नसलेला गोडा थर पाण्यात असेल तर तोंड पडलेलं, प्रोफाइलमध्ये असलेला थर पाण्यातून निघून गेला असेल तर हसू. चेहऱ्यावरून पाण्याची दिशा कळते, आणि ही खूण पुढे फार उपयोगी पडते.

आंतरराष्ट्रीय जलसर्वेक्षण संघटनेच्या एस-४४ या मानकाची सहावी आवृत्ती २०२० साली आली. त्यातल्या विशेष श्रेणीत १२-१३ मीटर खोलीला उभ्या अनिश्चिततेची मर्यादा साधारण २७ सेंटीमीटर निघते, आणि १ए श्रेणीत ५२-५३. तीही भरती, मोशन, ड्राफ्ट (पाण्याखालची बुडी) असं सगळं मिळून. आपले ६० सेंटीमीटर एकट्या पाण्याने खाल्ले, म्हणजे दोन्ही श्रेणींत नापास. पैशात बघायचं तर २०० मीटर रुंद आणि एक किलोमीटर लांब पट्ट्यात सरासरी २० सेंटीमीटर खोटा गाळ दिसला तरी ४०,००० घनमीटर होतात. एवढ्या उपशाचं बिल कोणीतरी देतं. आणि कडा खोल दिसल्या तर त्याहून वाईट, कारण मग खरा उंचवटा नकाशातून गायब होतो.

काही सॉफ्टवेअरं हेडजवळच्या सेन्सरने मोजलेला ध्वनिवेग प्रोफाइलच्या माथ्यावर जोडतात आणि कोनाचा हिशेब तिथून धरतात. तसं असेल तर वरची चूक बरीच कमी होते. आपलं काय करतं हे प्रत्येकाने आपापल्या सेटिंगमध्ये एकदा उघडून बघावं, मॅन्युअलवर विसंबू नये.

दाभोळच्या तोंडाशी

नोव्हेंबरातली गोष्ट. वाशिष्ठीच्या मुखाबाहेर काम होतं. सकाळी सातला, भरती नुकतीच उतरायला लागली असताना कास्ट घेतला (ध्वनिवेग मोजणारा प्रोब दोरीने तळाजवळपर्यंत सोडून प्रोफाइल घेणं), छान सरळ रेघ. दहानंतर कडा खाली. मी पहिला संशय पोलवर घेतला. बोट थांबवून सगळे बोल्ट आवळले. मग पॅच टेस्ट. रोलचा आकडा आला, भरला, तरी कडा तशाच. परत पॅच टेस्ट, आता रोलचा आकडा वेगळाच. खरं तर इथेच डोक्यात प्रकाश पडायला हवा होता, कारण धातूचा पोल तासाभरात दोन वेगवेगळे कोन दाखवत नसतो. पाणी वाकडं असताना केलेली पॅच टेस्ट त्या पाण्याचा वाकडेपणा आकड्यात मुरवून ठेवते. असे आकडे पुढच्या दिवशी चांगल्या पाण्यातही डेटा बिघडवतात, म्हणून कडा वाकत असताना पॅच टेस्ट करूच नका.

बोटीवरचा खलाशी पोरगा जेवण झाल्यावर बादलीने पाणी ओढून चूळ भरत होता. म्हणाला, "साहेब, आज पाणी येवढं खारं नाय." मी उठून पडद्याच्या कोपऱ्यात बघितलं. हेडजवळचा सेन्सर १५१९ दाखवत होता, प्रोफाइल त्या खोलीला १५४०. दोन्हींत जास्त फरक पडला की सॉफ्टवेअर ओरडतं. ते सकाळपासून ओरडत होतं. दहा वाजता कटकट नको म्हणून त्याचा आवाज मीच बंद केला होता.

वाशिष्ठीची एक खासियत आहे. इतर खाड्यांत पावसाळा सरला, दिवाळी झाली की गोड्या पाण्याचा जोर ओसरतो. इथे कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पोफळी आणि कोळकेवाडीला वीज करून चिपळूणजवळ वाशिष्ठीत उतरतं. पश्चिमेकडे वळवायच्या या पाण्याची वार्षिक मर्यादा ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. म्हणजे घाटावरच्या पावसाचं पाणी एप्रिलमध्येसुद्धा खाडीत येत राहतं, आणि किती येईल ते विजेच्या मागणीवर. वरच्या अंगाला, जिथे काठावर मगरी ऊन खात पडलेल्या असतात, तिथे तर सकाळचा आणि संध्याकाळचा प्रोफाइल एकाच खाडीचे वाटत नाहीत. मुखाशी त्यातलं किती पोचतं हे भरतीवर आणि उधाण (अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती) आहे की भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती), यावर ठरतं. उधाणाला प्रवाहाचा जोर असतो, पाणी घुसळून एकजीव होतं. भांगाच्या दिवसांत घुसळण कमी, मग गोडं पाणी सायीसारखं वर तरंगत राहतं. आमचे लोक काम सोपं म्हणून मुद्दाम भांगाचे दिवस निवडतात, आणि थर नेमका तेव्हाच चिवट असतो.

गोव्यात मांडवी आणि झुआरीचंही पावसाळ्यात असंच. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने या नद्यांचा बराच अभ्यास केलाय. जून ते सप्टेंबर नदी जोरात, मग महिनोन्महिने भरती-ओहोटीचं राज्य. सप्टेंबरअखेरीस तिथे कामाला जाणाऱ्यांनी मार्चमधल्या अनुभवावर जाऊ नये.

थराची कड कधी कधी डोळ्यांनी दिसते. पाण्यावर फेस, पालापाचोळा, प्लास्टिकच्या बाटल्या यांची एक लांब रेघ धरलेली असते, अलीकडे मातकट आणि पलीकडे हिरवट पाणी. बोट ती रेघ ओलांडते तेव्हा एकाच लाइनीत अर्धा डेटा सरळ आणि अर्धा वाकडा येतो. अशा लाइनीला एक कास्ट कधीच पुरत नाही, रेघेच्या दोन्ही बाजूंना घ्यावा लागतो.

कास्ट घेतले, तरी तेच

दाभोळनंतर मी दर तासाला कास्ट घ्यायला लागलो. लॉगबुक भरलं, हात दुखले. आणि पुढच्या कामात कडा पुन्हा वाकल्या. या वेळी प्रोसेसिंगमध्ये.

गंमत म्हणजे बोटीवर सगळं ठीक दिसत होतं. बोटीवर आम्ही ताजा प्रोफाइल हाताने लावत होतो. ऑफिसात गेल्यावर सॉफ्टवेअरला सांगितलं होतं की वेळेने सगळ्यात जवळचा प्रोफाइल आपोआप लाव. ओहोटीच्या लाइनींना पडलेलं तोंड, भरतीच्या लाइनींना हसू. वरची खूण आठवा: ओहोटीच्या लाइनींना भरतीचे प्रोफाइल लागत होते आणि भरतीच्या लाइनींना ओहोटीचे. अगदी उलट, जणू कुणी मुद्दाम अदलाबदल केलीय.

केली होती प्रोबच्या घड्याळाने. मल्टीबीमचा डेटा जीपीएसच्या वेळेवरून यूटीसीत (ग्रीनिचच्या वेळेत) नोंदला जात होता, आणि प्रोब कुणीतरी लॅपटॉपला जोडून 'वेळ जुळवा' म्हटल्यावर भारतीय वेळेवर गेला होता. सकाळी ११ चा कास्ट सॉफ्टवेअरने यूटीसी ११ म्हणून वाचला, म्हणजे आपल्या घड्याळात दुपारचे साडेचार. साडेपाच तासांचा फरक. आणि भरती ते ओहोटी किती तास? साधारण सहा तास बारा मिनिटं. आपला देश ग्रीनिचपासून नेमका एवढ्याच अंतरावर असावा की घड्याळाची चूक भरतीचं ओहोटी करून टाकते, हे नशीबच म्हणायचं. घड्याळ एखाद्या तासाने चुकलं असतं तर डेटा थोडा वाईट आला असता आणि कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

तपासायला दोन मिनिटं लागतात. प्रोफाइलची फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा, तिच्यातली वेळ वाचा आणि लॉगबुकात हाताने लिहिलेल्या वेळेशी ताडून बघा. लॉगबुकात दोन्ही वेळा लिहायची सवय ठेवा. फाइलच्या नावावर विश्वास ठेवू नका, नाव बहुतेक वेळा लॅपटॉप देतो आणि आतली वेळ प्रोब.

इथेच आणखी एक बारीक सापळा. काही जण वेळेऐवजी 'अंतराने जवळचा' हा पर्याय निवडतात. मोकळ्या समुद्रात ते शहाणपणाचं असेल. खाडीत एकाच जागी सकाळी आणि दुपारी घेतलेले दोन कास्ट अंतराने सारखेच जवळचे असतात, आणि सॉफ्टवेअर त्यातला कुठला उचलेल याचा भरवसा नाही. खाडीत वेळ आधी, अंतर नंतर.

आणि प्रोफाइल साफ करणाऱ्यांना हात जोडून विनंती. वरचे एक-दोन मीटर 'बुडबुड्यांचा गोंधळ' म्हणून सरसकट कापू नका. त्या दोन मीटरसाठीच तर एवढं सगळं चाललंय.

हेडजवळचा सेन्सर

कास्ट बरोबर, घड्याळ बरोबर, तरी वाकतंय, आणि आता वाकणं भरतीवर अवलंबून नाही, सकाळ-संध्याकाळ सारखंच. मग हेडजवळचा छोटा सेन्सर बघा.

सपाट हेडमध्ये बीम कोणत्या कोनात सोडायचा हे त्या क्षणी हेडला लागलेल्या पाण्याच्या वेगावरून ठरतं. तो वेग १० मीटरने चुकीचा मिळाला तर ६० अंशाचा बीम जवळजवळ दोन तृतीयांश अंशाने भलतीकडे जातो आणि १२ मीटर पाण्यात सुमारे २४ सेंटीमीटर चूक होते. दोन्ही बाजूंना सारखी, म्हणून चेहरा तसाच दिसतो आणि माणूस प्रोफाइलच्या मागे धावत राहतो.

आमच्या कोमट पाण्यात आठवडाभर पोल खाली राहिला की सेन्सरच्या खाचेत बुळबुळीत शेवाळ येतं, त्यावर बारीक शिंपले बसतात. जुना दात घासायचा ब्रश आणि गोडं पाणी, एवढंच औषध. टोकदार काही घालू नका. आकडा सेकंदासेकंदाला उड्या मारत असेल तर बुडबुडे. पोल प्रोपेलरच्या किंवा नाळेने (बोटीच्या पुढच्या टोकाने) फोडलेल्या पाण्याच्या वाटेत असणार, वेग कमी करून बघा. आकडा तासन् तास एकही मीटर हलत नसेल तर तो मोजलेला नाहीच. कुणीतरी सेटिंगमध्ये हाताने १५०० टाकून ठेवलेला असतो. हसू नका, हे मी तीन बोटींवर बघितलंय.

ही चूक मागाहून दुरुस्त करता येते, पण त्या वेळी खरा वेग किती होता हे कुणी लिहून ठेवलं असेल तरच. म्हणून दर लाइनीला सेन्सरचा आकडा आणि त्याच खोलीचा प्रोफाइलचा आकडा शेजारी शेजारी लिहा. दोन मीटरपेक्षा जास्त फरक दिसला की लाइन पूर्ण करण्याचा मोह टाळा आणि नवा कास्ट घ्या.

कास्ट घ्यायची पद्धत

करारात "दर चार तासांनी एक कास्ट" असं लिहिलेलं असतं. ते किमान आहे, पण ऑफिसवाल्यांना ते वेळापत्रक वाटतं. मी भरतीचं कोष्टक समोर ठेवून ठरवतो: भरतीच्या टोकाला एक, ओहोटीच्या टोकाला एक, आणि पाणी जोरात वाहत असताना मधल्या तासांत अर्ध्या-अर्ध्या तासाने. टोकाला पाणी थांबलेलं असतं तेव्हा दोन कास्ट सारखेच आले तर तिसरा वगळतो.

इंजिन न्यूट्रलला टाका आणि प्रोब नाळेकडच्या बाजूने सोडा. मागून सोडलात तर प्रोपेलरने घुसळलेलं पाणी मोजाल, आणि ज्या थरासाठी आलात तो तुम्हीच मोडलेला असेल. प्रोब पाण्याखाली जेमतेम बुडवून मिनिटभर थांबा, बुडबुडे निघू द्या, तापमान स्थिर होऊ द्या. मग पहिले पाच मीटर अगदी सावकाश, विहिरीत घागर सोडावी तसे. त्याखाली हात मोकळा सोडला तरी चालतं. ओढीने दोरी तिरकी गेली तर घाबरू नका, खोली दोरीवरून नाही तर दाबावरून मोजली जाते. तळाला टेकवू नका मात्र, गाळात तोंड खुपसलं की पुढचे दोन कास्ट कचरा.

खाली जातानाचा आणि वर येतानाचा प्रोफाइल एकमेकांवर ठेवा. वरच्या थरात दोन्ही जुळत नसतील तर कास्ट पुन्हा.

थर फारच चंचल असेल, कास्टमागून कास्ट घेऊनही कडा सावरत नसतील, तर पट्टा अरुंद करा. मघाच्याच उदाहरणात ६० ऐवजी ४५ अंशांवर चूक ६० वरून २१ सेंटीमीटरवर येते. किंमत अशी की पट्टा सुमारे ४२ मीटरवरून २४ मीटरवर येतो, म्हणजे लाइनी पावणेदोनपट. डिझेल वाढतं, साहेब ओरडतो. तरी पुन्हा बोट आणण्यापेक्षा स्वस्त. आणि दिवसातून एक-दोन आडव्या लाइनी माराच. आडव्या लाइनीचा मधला भाग म्हणजे बाकी सगळ्या लाइनींच्या कडांना लावायची पट्टी.

डेटा आधीच वाकडा आला असेल तर

आधी घड्याळ तपासा, मग प्रोफाइल हाताने नीट वाटून परत लावा. निम्मी दुखणी इथेच बरी होतात.

त्यानंतरही राहिलं तर बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये कडा वर-खाली करायची सोय असते. एक थर किती खोल आणि किती वेगाचा असता तर तळ सरळ झाला असता, हे तुम्ही हाताने फिरवून शोधता. काम होतं, पण तळ मुळात सपाट आहे हे आधी ठाऊक असावं लागतं. क्युमेरा या सॉफ्टवेअरमध्ये डेल्फ्ट विद्यापीठाची पद्धत आहे. शेजारच्या लाइनी जिथे एकमेकांवर येतात तिथे त्या एकाच तळाचं माप घेतायत हे धरून ती ध्वनिवेग स्वतः शोधते. सपाट गाळावर आणि पुरेसा ओव्हरलॅप असेल तर निकाल चांगला येतो. ओव्हरलॅप नसेल तर बिचारी कशाशी ताडणार? आणि अशी दुरुस्ती केली असेल तर कुठल्या लाइनींवर केली ते अहवालात लिहा. ग्रिडचा, म्हणजे नकाशाच्या जाळीचा, खण मोठा करून किंवा स्मूदिंग मारून कडा झाकू नका. वळ्या दिसेनाशा होतात, चूक तिथेच राहते, शिवाय खरा दगडही त्यात पुसला जातो.

काहीच जमलं नाही तर कडेचे बीम कापा. कापल्यावर लाइनींच्या मध्ये पट्टे रिकामे राहतात. त्या रिकाम्या पट्ट्यांची यादी घेऊन पुन्हा जायचं, भरतीच्या टोकाला, आणि बोट सुटायच्या आधी प्रोब लॅपटॉपला जोडून त्याचं घड्याळ बघायचं. आमच्या प्रोबच्या पेटीच्या झाकणावर आता पांढऱ्या टेपवर मार्करने मोठ्या अक्षरात यूटीसी लिहिलंय. खाली त्या चूळ भरणाऱ्या पोराने स्वतःच्या अक्षरात भर टाकलीय: "साडेपाच तास वजा."